छापलेला इलेक्ट्रोड, वर एन्झाइम, आणि न हलणारा प्रवाह

ग्लुकोज सेन्सरबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: साध्या फिलामेंटच्या थ्रीडी प्रिंटरवर कार्बन मिसळलेल्या पीएलए या प्लॅस्टिकचे इलेक्ट्रोड छापले, त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम लावलं, पण ग्लुकोज टाकलं तरी प्रवाह जेमतेम हलतो. एन्झाइम मेलं का? आणि दुसरा प्रश्न, एन्झाइम वेगळं लावण्याऐवजी इलेक्ट्रोडबरोबरच छापता येईल का?

एन्झाइम मेलेलं असू शकतं, पण पहिला संशय त्याच्यावर घेऊ नका. माझ्यासमोर असे जे ‘मेलेले’ सेन्सर आले, त्यातल्या बहुतेकांचं एन्झाइम ठणठणीत होतं. घोळ खालच्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये होता. प्रिंटरमधून वस्तू बाहेर येते, काळी दिसते, मल्टिमीटर लावला तर रोध दाखवते, म्हणून आपण तिला इलेक्ट्रोड म्हणून मोकळे होतो. खरं तर ती इलेक्ट्रोडच्या आकाराची वस्तू असते. इलेक्ट्रोड नंतर, तिच्या पृष्ठभागावर, हाताने घडवावा लागतो.

ग्लुकोजपासून पोटेन्शिओस्टॅटपर्यंतची (विभव ठरावीक ठेवून प्रवाह मोजणाऱ्या यंत्रापर्यंतची) साखळी एकदा डोळ्यांपुढे आणा. एन्झाइम ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन आपल्या एफएडीवर (एन्झाइममधल्या इलेक्ट्रॉन धरणाऱ्या रेणूवर) घेतं, ते ऑक्सिजनला देतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, ते इलेक्ट्रोडपर्यंत झिरपतं, तिथे इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होते, ते कार्बनच्या कणांच्या वाटेने क्लिपपर्यंत येतात. कल्पना जुनी आहे. क्लार्क आणि लायन्स यांनी ती १९६२ मध्ये मांडली आणि अपडाइक-हिक्स यांनी १९६७ मध्ये ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर जेलमध्ये एन्झाइम अडकवून ती चालवून दाखवली. तेव्हा खाली धातूचा खात्रीचा इलेक्ट्रोड होता, त्यामुळे चूक शोधायची तर ती एन्झाइमच्या बाजूला शोधली जायची. आपल्याकडे उलट आहे. म्हणून साखळी उलटी तपासायची: आधी क्लिप, मग प्लॅस्टिक, मग पृष्ठभाग, मग पेरॉक्साइड, आणि सगळ्यात शेवटी एन्झाइम.

क्लिपपासून सुरू करू. प्रोटोपास्ता या कंपनीच्या वाहक पीएलएसाठी प्रसिद्ध असलेले आकडे बघा: साच्यात ओतलेल्या पदार्थाची रोधकता १५ ओहम-सेंटिमीटर, छापल्यावर थरांच्या दिशेने ३०, आणि थर ओलांडून जायचं तर ११५. आता ३ सेंटिमीटर लांब, ३ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड दांडी घ्या. ती आडवी छापली तर रोध साधारण ३,००० ओहम. तीच उभी छापली, म्हणजे प्रवाहाला प्रत्येक थर ओलांडावा लागला, तर ११,५०० ओहम. एकच फाइल, एकच फिलामेंट, फक्त स्लायसरमध्ये (फाइलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) वस्तू उभी केली की आडवी, एवढाच फरक.

३,००० ओहम म्हणजे किती वाईट? ५ मिलिमोलर फेरिसायनाइडमध्ये (इलेक्ट्रोड तपासायला वापरतात त्या लोहाच्या क्षारात) ३ मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर सीव्ही (सायक्लिक व्होल्टॅमेट्री, म्हणजे विभव पुढे-मागे फिरवून काढलेला प्रवाहाचा आलेख) काढली की पीकपाशी, म्हणजे आलेखाच्या शिखरापाशी, ५० मायक्रोअँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. त्यावर १५० मिलिव्होल्ट दांडीतच खर्च होतात. दोन्ही पीक तेवढे बाहेर ढकलले जातात आणि जिथे साठेक मिलिव्होल्टचं अंतर दिसायला हवं तिथे साडेतीनशे दिसतं. पोटेन्शिओस्टॅटचा तिसरा इलेक्ट्रोड हे वाचवत नाही, कारण हा रोध द्रावणात नसून वर्किंग इलेक्ट्रोडच्या (ज्यावर मोजणी होते त्याच्या) आतच आहे. मग लोक प्रबंधात लिहितात की इलेक्ट्रॉन हस्तांतरण मंद आहे. मंद आहे की नुसता ओहमचा नियम आहे, हे ठरवायची सोपी युक्ती: फेरिसायनाइड दहापट पातळ करून पुन्हा सीव्ही काढा. पीक जवळ आले तर दोष रोधाचा. तेवढेच लांब राहिले तर दोष पृष्ठभागाचा.

आणि इथे थोडा दिलासाही आहे. तुमच्या ग्लुकोज सेन्सरचा प्रवाह जर १ मायक्रोअँपिअरच्या घरात असेल, तर तोच ३,००० ओहमचा रोध फक्त ३ मिलिव्होल्ट खातो. म्हणजे सीव्ही कुरूप दिसली म्हणून इलेक्ट्रोड टाकून देण्याची गरज नाही. स्थिर विभवाच्या मोजणीत तो उत्तम चालू शकतो. दांडी आखूड करा, जाड करा, आडवी छापा, क्लिप जिथे धरते तिथे चांदीचा वाहक रंग लावा, एवढं पुरतं. ग्राफीन-पीएलएच्या ब्लॅक मॅजिक फिलामेंटची जाहीर रोधकता ०.६ ओहम-सेंटिमीटर आहे, म्हणजे रोधाचा प्रश्न तिथे जवळजवळ उरत नाही. पृष्ठभागाचा मात्र उरतोच.

क्लिपबद्दल आणखी एक, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. एका संचात ग्लुकोज टाकताच प्रवाह इतका देखणा वाढायचा की आम्ही दोन दिवस खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी क्लिप काढली तर तिच्या दातांवर हिरवट-निळे डाग. छापलेल्या थरांमधल्या बारीक फटींतून बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) केशाकर्षणाने वर चढत चढत थेट क्लिपपर्यंत पोचला होता आणि तांब्याचा मिश्रधातू गंजत होता. प्रत्येक वेळी ग्लुकोज टाकताना पातळी जरा वर जायची, की प्रवाह वाढायचा. नुसतं पाणी टाकून पाहिलं असतं तर पहिल्याच तासात कळलं असतं. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: इनफिल (आतला भरणा) १०० टक्के, फ्लो (नोझलमधून सोडायच्या प्लॅस्टिकचं प्रमाण) १०५ ते ११० टक्के, आणि द्रावणाच्या वरच्या भागात नेलपॉलिशचा पातळ हात. जाड हात नको. नेलपॉलिशमधला द्रावक पीएलएला मऊ करतो. दोन नोझलचा प्रिंटर असेल तर वाहक दांडीभोवती साध्या पीएलएचं वेष्टनच छापा, ते सगळ्यात चांगलं. त्यामुळे द्रावणाला भिडणारं क्षेत्रफळही प्रत्येक वेळी तेवढंच राहतं.

आता पृष्ठभाग. खरा खेळ इथे आहे. छापताना वितळलेलं पीएलए कार्बनच्या कणांना गुंडाळतं आणि वर एक गुळगुळीत, अवाहक साय धरते. आत कार्बन भरपूर आहे, पण द्रावणाला तो भेटतच नाही. ही साय खरवडल्याशिवाय पुढे काहीही करू नका. मार्ग अनेक आहेत. डायमिथाइलफॉर्मामाइडमध्ये दहा मिनिटं बुडवणं हा सुरुवातीपासून लोकप्रिय मार्ग. तो काम करतो, पण द्रावक विषारी आहे, बारीक कडा फुगून वाकतात आणि आत मुरलेला द्रावक सहजासहजी निघत नाही. पुढे त्याच जागी एन्झाइम बसवायचं आहे, हे लक्षात घेता मला तो आवडत नाही. मार्टिन पुमेरा यांच्या गटाने २०१९ मध्ये प्रोटिनेज के या एन्झाइमला पीएलए खाऊ घातलं. एन्झाइमने एन्झाइमसाठी जमीन नांगरून द्यायची, ही कल्पना मला फार गोड वाटते, फक्त त्याला वेळ लागतो.

मी रोज वापरतो ती रीत साधी. आधी बारीक पॉलिश पेपरवर पाणी घालून आठाच्या आकड्यात घासायचं, थरांच्या रेघा दिसेनाशा होईपर्यंत. मग ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये +१.४ व्होल्टवर २०० सेकंद आणि लगेच −१.० व्होल्टवर २०० सेकंद. अल्कली पीएलएचे एस्टर बंध तोडते, कार्बन उघडा पडतो, आणि तुटलेल्या टोकांवर कार्बोक्झिल व हायड्रॉक्सिल गट तयार होतात. पुढे एन्झाइम सहसंयुज बंधाने बांधायचं असेल तर हेच गट उपयोगी पडतात. उपचार झाला की नाही हे मशीन लावण्याआधी थेंबावरून कळतं. कोऱ्या इलेक्ट्रोडवर पाण्याचा थेंब अळवावरच्या पाण्यासारखा गोल बसतो, उपचार केलेल्यावर तो पसरून चकतीच्या कडेपर्यंत जातो. थेंब गोल बसला तर पुढचं एन्झाइम वाया घालवू नका.

त्यानंतरचं धुणं बहुतेक जण उरकतात आणि तिथे फसतात. छिद्रांत मुरलेली अल्कली तासन्‌तास पाझरत राहते. रात्रभर बफरमध्ये ठेवा, बफर एकदा बदला, मग पृष्ठभागावर डिस्टिल्ड पाण्याचा थेंब दहा मिनिटं ठेवून पीएच पट्टीवर टेका. तटस्थ आला तरच पुढे चला.

आता एन्झाइम न लावता पेरॉक्साइड. बफर ढवळत ठेवायचा, पेरॉक्साइड ०.१ मिलिमोलरच्या टप्प्याने वाढवायचं, आणि जिन्याच्या पायऱ्या येतात का बघायचं. पायऱ्या आल्या नाहीत तर ग्लुकोजला काय येणार? उघड्या कार्बनवर पेरॉक्साइडचं ऑक्सिडीकरण आळशी असतं. प्लॅटिनमवर +०.६ ते +०.७ व्होल्टला जे सहज होतं, त्यासाठी कार्बनवर आणखी वर जावं लागतं, आणि तेवढ्या विभवावर खऱ्या नमुन्यातलं ॲस्कॉर्बिक आम्ल, युरिक आम्ल, पॅरासिटामॉल सगळेच प्रवाह देतात. मला वाटतं तुमचं घोडं इथेच अडलंय. प्रश्नात मध्यस्थाचा (एन्झाइमकडून इलेक्ट्रोडकडे इलेक्ट्रॉन नेणाऱ्या रेणूचा) किंवा उत्प्रेरकाचा उल्लेखच नाही.

उपाय दोन. पहिला, प्रशियन ब्लू. हे रंगद्रव्य ० व्होल्टच्या आसपासच पेरॉक्साइडचं क्षपण करतं, त्यामुळे वरची त्रासदायक मंडळी बहुतांशी गप्प राहतात. फेरिक क्लोराइड आणि पोटॅशियम फेरिसायनाइड प्रत्येकी काही मिलिमोलर, सोबत पोटॅशियम क्लोराइड आणि थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल, +०.४ व्होल्टवर मिनिटभर. काळ्या पृष्ठभागावर निळा रंग दिसेलच असं नाही, म्हणून सीव्हीमधल्या पीकच्या जोडीवर विसंबा. दोन पथ्यं पाळायची. मोजणीच्या बफरमध्ये पोटॅशियम हवं, कारण या स्फटिकाच्या जाळीत पोटॅशियमचा आयन आत-बाहेर करतो. पाण्याचं ओझं घेऊन फिरणारा सोडियम तिथे नीट मावत नाही. आणि पीएच ७.५ च्या वर नको, अल्कलीत प्रशियन ब्लू विरघळतो. वर धुण्यावर एवढा जोर दिला तो यासाठीही: आतून पाझरणारी अल्कली वरच्या निळ्या थराला खालूनच खाते.

दुसरा उपाय, ऑक्सिजनला बाजूला सारून द्रावणातच फेरिसायनाइडसारखा मध्यस्थ टाकायचा. फेरोसीनवर आधारलेला मध्यस्थी इलेक्ट्रोड १९८४ मध्ये आला आणि घरगुती ग्लुकोमीटरचा रस्ता त्यातूनच मोकळा झाला. एकदाच वापरून फेकायच्या सेन्सरला हा मार्ग सरळ आहे. वाहत्या द्रावणात सतत मोजायचं असेल तर मात्र मध्यस्थ वाहून जातो.

पायऱ्या नीट आल्या की मग एन्झाइम. माझं मिश्रण: ग्लुकोज ऑक्सिडेज १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, बोवाइन सीरम अल्ब्युमिन ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि ग्लुटारल्डिहाइड शेवटी, एकूण ०.२५ टक्क्यांच्या आसपास. ग्लुटारल्डिहाइड पडलं की काही मिनिटांतच मिश्रण घट्ट व्हायला लागतं, म्हणून इलेक्ट्रोड आधी ओळीने मांडून ठेवा. प्रत्येकी ५ मायक्रोलिटर. ग्लुटारल्डिहाइड जास्त झालं तर थर दणकट होतो, पण त्यात एन्झाइम जखडलं जातं. अल्ब्युमिन कंजूषपणे घातलं तर तो मार एन्झाइमलाच बसतो. थेंब पंख्याखाली वाळवू नका. वाळताना सगळं प्रथिन कडेला ओढलं जाऊन चहाच्या कपाखाली उमटतो तसा गोल डाग पडतो, आणि मधोमध काहीच उरत नाही. झाकण अर्धवट ठेवून ४ अंशांवर रात्रभर.

यानंतरही प्रतिसाद कमी वाटला तर ग्लुकोजचं द्रावण कधी बनवलं ते आठवा. हे ऐकून लोक हसतात, पण ग्लुकोज ऑक्सिडेज फक्त बीटा-डी-ग्लुकोज घेतं. बाटलीतले स्फटिक बहुधा अल्फा रूपातले असतात. पाण्यात टाकल्यावर अल्फा ३६ टक्के आणि बीटा ६४ टक्के असा समतोल साधायला काही तास जातात. सकाळी द्रावण करून लगेच मोजलं तर सेन्सर मेल्यासारखा वाटतो आणि संध्याकाळी आपोआप ‘सुधारतो’. साठा-द्रावण आदल्या रात्री करून ठेवा.

सोबत एक इलेक्ट्रोड फक्त अल्ब्युमिन आणि ग्लुटारल्डिहाइडचा, एन्झाइमशिवाय, हवाच. कार्बन भरलेल्या फिलामेंटमध्ये धातूंची अशुद्धी सापडते आणि पेरॉक्साइडशी तिची स्वतःची चाळवाचाळव चालते. ती किती, हे तो इलेक्ट्रोड सांगतो.

काही मिलिमोलरनंतर रेषा वाकली तर घाबरू नका. हवेशी संतृप्त पाण्यात २५ अंशांना ऑक्सिजन जेमतेम ०.२५ मिलिमोलर असतो, आणि रक्तातलं ग्लुकोज उपाशीपोटीही ४ ते ६ मिलिमोलर. एन्झाइमला ग्लुकोज ढीगभर आणि ऑक्सिजन चिमूटभर मिळतो, मग रेषा वाकणारच. वर नॅफियॉन किंवा पॉलियुरेथेन या पॉलिमरचा पातळ पडदा दिला की ग्लुकोज आत यायला वेळ लागतो आणि रेषा लांबते. संवेदनशीलता त्या प्रमाणात घटते. रक्तासाठी हा सौदा परवडतो. घामात ग्लुकोज शंभर मायक्रोमोलरच्या आगेमागे असतं, तिथे पडद्याच्या नादी लागू नका.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. फिलामेंटमध्ये एन्झाइम मिसळून छापणं विसरा. नोझल २०० अंशांच्या वर असते आणि ग्लुकोज ऑक्सिडेज ६० अंशांच्या आसपासच मान टाकतं. एन्झाइम छापायचं तर थंड, सिरिंजमधून ढकलल्या जाणाऱ्या जेलमध्ये. अल्जिनेट आणि कॅल्शियम हा सगळ्यांचा पहिला प्रयोग असतो आणि सगळ्यांना तोच धक्का बसतो: सुंदर जाळी छापली, मोजायला फॉस्फेट बफरमध्ये बुडवली, आणि पंधरा मिनिटांत ती लापशी झाली. फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, जेल सुटतं. हेपीस किंवा ट्रिस बफर घ्या, थोडं कॅल्शियम घाला. पण मग पोटॅशियम वेगळं घालायला विसरू नका, प्रशियन ब्लू त्याचीच वाट पाहत असतो. प्रकाशाने घट्ट होणारं मेथॅक्रिलेटयुक्त जिलेटिन जास्त टिकतं. त्यात तयार होणारे मुक्त मूलक एन्झाइमचा थोडा बळी घेतात, म्हणून प्रकाश पुरेल इतकाच द्या.

जेल छापताना हौसेने थर चढवायचा मोह होतो. तो आवरा. जेलमध्ये ग्लुकोजचा विसरणांक (पसरण्याचा वेग सांगणारा आकडा) ६ गुणिले १० चा उणे सहावा घात चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद धरला, तर १०० मायक्रोमीटरचा थर ओलांडायला सुमारे ८ सेकंद लागतात. ५०० मायक्रोमीटरला साडेतीन मिनिटं. जाडी पाचपट, वेळ पंचवीसपट. तुमच्या नोझलला १०० मायक्रोमीटर जमत नसेल, तर पिपेटने टाकलेला थेंब छापलेल्या जेलपेक्षा सरस आहे, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. रेझिनच्या प्रिंटरवर छापलेल्या सेलबद्दलही (मोजणीच्या भांड्याबद्दलही) एक सावधगिरी: अर्धवट राहिलेले ॲक्रिलेट पाझरून एन्झाइम मारतात. आयसोप्रोपॅनॉलने धुणं, अतिनील प्रकाशात पुन्हा पक्कं करणं, आणि दिवसभर पाण्यात भिजत ठेवणं, तिन्ही करा.

मध्यस्थाशिवाय ग्लुकोज ऑक्सिडेजकडून थेट इलेक्ट्रॉन मिळाले, असं कुठे वाचून तुम्ही तो मार्ग धरला असेल, तर जपून. एफएडी प्रथिनाच्या पोटात खोल दडलेलं आहे. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत −०.४५ व्होल्टच्या आसपास जो पीक दिसतो, तो बऱ्याचदा प्रथिनातून सुटून कार्बनला चिकटलेल्या एफएडीचा असतो. जॉर्ज विल्सन यांनी २०१६ मध्ये याच मुद्द्यावर रोखठोक लिहिलं आहे. ग्लुकोज घातल्यावर तो पीक उत्प्रेरकी प्रवाहात बदलत नसेल, तर त्याला थेट हस्तांतरण म्हणू नये. थेट हस्तांतरणच हवं असेल तर सेलोबायोज डिहायड्रोजनेजसारखं, स्वतःचा लोहयुक्त हीम-भाग असलेलं एन्झाइम निवडा.

राहिला संदर्भ इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत विभव मोजतात तो. तिन्ही इलेक्ट्रोड एकाच काळ्या फिलामेंटचे छापायची सोय असते म्हणून कार्बनलाच संदर्भ मानू नका, त्याचं विभव भरकटतं. छापलेल्या पट्टीवर चांदीचा रंग लावा, वाळू द्या, आणि ब्लीचचा थेंब काही मिनिटं ठेवा. चांदी करडी-जांभळट झाली की सिल्व्हर क्लोराइड बसलं. बफरमध्ये क्लोराइडचं प्रमाण कायम ठेवा, नाहीतर या संदर्भाचं विभवही सरकतं.

पुढच्या वेळी आकडे दाखवाल तेव्हा एकाच इलेक्ट्रोडवरच्या दहा मोजण्या नकोत, दहा वेगवेगळ्या छापलेल्या इलेक्ट्रोडवरची एकेक मोजणी आणा. आणि त्यातले पाच दुसऱ्या दिवशी छापलेले असू द्या.